सुताच्या आतली फळी

आमच्या सोसायटीत दारं-खिडक्यांची कामं करणारे एक मिस्त्री आहेत. तीन वर्षांपूर्वी जुलैत बेडरूमचं फुगलेलं दार दाखवायला त्यांना बोलावलं होतं. जाता जाता त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं. टेबलावर स्प्रूसची एक पांढुरकी फळी पडली होती. त्यांनी ती न विचारता उचलली, दोन्ही हातांत धरून किंचित वाकवली, मग कड चिमटीत धरून जाडी अजमावली आणि म्हणाले, "साहेब, ही तर सुताच्या आत आहे. हिच्यावर काय ठेवणार?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून जरासा जास्त. माझी फळी २.५ मिलिमीटरची होती. तिच्यावर काय ठेवणार, याचं खरं उत्तर असं की पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारा मिळून ७० किलोंच्या आसपास ताण देतात. एक धडधाकट माणूस फळीवर चिकटवलेली घोडी रात्रंदिवस ओढत बसलाय असं समजा. नायलॉनच्या तारा असतील तर हाच ताण चाळीसेक किलोंवर येतो. मी हे सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी फळी परत ठेवली, उचलली होती त्यापेक्षा बरीच जपून.

दार मात्र त्यांनी त्या दिवशी केलं नाही. "पावसात दाराला रंधा मारायचा नसतो. आत्ता बसेल छान, पण दिवाळीनंतर फट पडेल. नोव्हेंबरात फोन करा." मी मान डोलावली. हे वाक्य माझ्या फळीलाही लागू आहे हे कळायला मला पुढचा एप्रिल उजाडावा लागला.

मिरजेकडे सतारीच्या वरच्या फळीला तबली म्हणतात. मी गिटारीच्या फळीलाही तबलीच म्हणतो. घोडी, खुंट्या, पडदे हे शब्दही आपल्याकडे तयारच आहेत, ते सोडून 'साउंडबोर्ड', 'ब्रिज', 'फ्रेट' म्हणायचं कारण मला दिसत नाही. गिटारीचा सगळा पेच या तबलीत आहे. ती जाड ठेवली तर तारेच्या थरथरीने हलत नाही, आवाज घुसमटतो. पातळ केली तर छान गाते आणि काही महिन्यांत घोडीपाशी पोट काढते. मग ती पातळच ठेवून आतल्या बाजूने बारीक पट्ट्यांनी बांधायची. कुठल्या पट्ट्या, किती, कशा लावायच्या, यावरच गिटारीची घराणी पडली आहेत.

आज जिला क्लासिकल गिटार म्हणतात तिचा साचा स्पेनच्या आन्तोनियो दे तोरेसनं (१८१७–१८९२) घातला. मूळचा आल्मेरियाजवळचा सुतार, सेव्हिलला जाऊन गिटारकार झाला. त्यानं खोका मोठा केला, तबली हलकी केली आणि तिच्या पाठीमागे उघडलेल्या पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या पसरल्या. मोकळ्या तारेची ६५० मिलिमीटर लांबीही त्याच्याच गिटारींमुळे रूढ झाली. १८६२ साली त्यानं एक गिटार केली ती गंमत म्हणून नव्हे, वाद मिटवायला. तबली लाकडाची, पाठ आणि कडा मात्र चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज तबलीचा असतो, बाकीचं लाकूड तिला सांभाळायला असतं, हे त्याला दाखवायचं होतं. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती गिटार आजही आहे. पाठीच्या लाकडाच्या रंगावर आणि रेषांवर भाळून हजारो रुपये मोजणाऱ्यांनी (त्यात मीही आलोच) ती अधूनमधून आठवावी.

पण तोरेसची मला जास्त आवडणारी गोष्ट वेगळी आहे. १८७०च्या सुमारास तो आल्मेरियाला परतला आणि त्यानं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. काही वर्षांनी दुकान सांभाळून घरीच पुन्हा गिटारी करू लागला. उतारवयात हात थरथरायला लागले तेव्हा ओळखीचा एक पाद्री मदतीला येई. त्या पाद्र्याच्या आठवणीप्रमाणे तोरेसचं सगळं गुपित अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये होतं. तबली कुठे किती पातळ करायची ते तो चिमटीत धरून ठरवायचा. आमच्या मिस्त्रींनीही फळी पहिली धरली ती चिमटीतच.

घरात गिटार करणं ही काही अलीकडची हौस नाही. होसे रोमानिल्योस हा माद्रिदचा सुतार पोटापाण्यासाठी लंडनला गेला आणि १९६१च्या सुमारास त्यानं पहिली गिटार केली ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्यानंच १९७३ मध्ये केलेली गिटार नामवंत वादक ज्युलियन ब्रीमनं वर्षानुवर्षं मैफलींत वाजवली, आणि तोरेसवरचा प्रमाण मानला जाणारा ग्रंथही पुढे त्यानंच लिहिला. त्याच लंडनच्या पश्चिमेला, फेल्टममध्ये, १९६३च्या ऑगस्टमध्ये पुढे रॉक गिटारवादक म्हणून गाजलेला १६ वर्षांचा ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरल्ड घरातल्या जादा खोलीत एक इलेक्ट्रिक गिटार करायला बसले. विकतची परवडत नव्हती. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीतलं महोगनी घेतलं. त्याला किडीनं भोकं पाडलेली, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. खोक्यात जुन्या टेबलाचं ओक. तारा सैल-ताठ करणाऱ्या यंत्रणेत मोटारसायकलच्या इंजिनाच्या स्प्रिंगा, तिच्या दांडीच्या टोकाला आईची विणायची सुई, आणि पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्याच शिवणाच्या डब्यातली मोत्याच्या शिंपल्याची बटणं. दोनेक वर्षं हे चाललं. ती गिटार घेऊन तो आयुष्यभर जगभर वाजवत फिरला. त्याच्याच भागात त्या सुमाराला झांझिबारहून एक पारशी कुटुंब राहायला आलं. त्यांचा मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, नाव फारोख बलसारा. जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं, आणि त्याच्या आवाजाशेजारी वाजत राहिली ती हीच शेकोटीची गिटार.

हे सगळं वाचून मला वाटलं, टेबल आहे, खोली आहे, आता हत्यारं आणली की झालं. हत्यारं आणली. रंधे तीन, पटाश्या सहा, जपानी करवत एक, क्लॅम्प मोजायचे सोडून दिले. कडांसाठी जुन्या वाड्याच्या लाकडाच्या वखारीतून शिसवीच्या कपाटाचं एक दार मिळालं. त्याच्या फळ्या चिरून घेतल्या. लाकूड ५०–६० वर्षं मुरलेलं, आता आणखी काय मुरायचं राहिलंय, असा माझा हिशेब. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी तबलीच्या मागे पट्ट्या चिकटवल्या.

पट्ट्या चिकटवायची रीत बघण्यासारखी आहे. तबली एका जाड तळफळीवर उपडी ठेवायची, पट्टीला सरस लावून जागेवर बसवायची, आणि पट्टी व वरची छतासारखी फळी यांच्यामध्ये बांबूच्या कामट्या वाकवून अडकवायच्या. कामटी सरळ व्हायला धडपडते आणि पट्टीला खाली दाबून धरते. एका वेळी अशा वीस-पंचवीस कामट्या. खोलीत छोटंसं वेळूचं बेट उगवल्यासारखं दिसतं. क्लॅम्प जिथे पोचत नाही तिथे कामटी पोचते. माझ्या खोलीतली ही सगळ्यात स्वस्त सोय आहे आणि सगळ्यात चांगली.

गिटार फेब्रुवारीत पुरी झाली. वाजली. घरच्यांनी 'छान आहे' म्हटलं, जसं पहिल्या पोळीला म्हणतात. एप्रिलच्या एका दुपारी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असताना आत टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. घोडीपासून खालच्या कडेपर्यंत तबलीला चीर गेली होती. केसाएवढी, पण आरपार.

मग मिस्त्रींचं दार आठवलं.

लाकूड पाणी पितं आणि सोडतं, तोडल्यावरही, शंभर वर्षांनंतरही. मुरलेलं लाकूड म्हणजे हे थांबलेलं लाकूड नव्हे. पिताना ते रुंदीत फुगतं, सोडताना रुंदीत आकसतं. लांबीत जवळपास हलतही नाही. तबली साधारण ३७० मिलिमीटर रुंद. पुण्याच्या श्रावणातून पुण्याच्या चैत्रात जाताना मोकळी फळी सहज ३ मिलिमीटर आकसेल. पण माझी फळी मोकळी कुठे होती? तिच्या मागे आडव्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांचे रेषे लांबीच्या दिशेने, म्हणून त्या आकसत नाहीत. फळीला लहान व्हायचं होतं, पट्ट्या होऊ देत नव्हत्या. त्या ओढाताणीत फळी फाटली. चूक लाकडाची नव्हती, सरसाची नव्हती, माझ्या हाताचीही फारशी नव्हती. चूक त्या खोलीतल्या हवेची होती, आणि त्या हवेत काम करायला बसलेल्या माणसाची.

चीर बुजवता येते. फुलपात्रात पाणी ठेवून गिटार दोन दिवस बंद पेटाऱ्यात ठेवली, चीर मिटली, सरस भरला, आणि ध्वनिरंध्रातून हात घालून आतून स्प्रूसचे लहान, पत्त्यांतल्या चौकटसारखे तुकडे आडवे चिकटवले. ती गिटार आजही माझ्याकडे आहे. पण त्यानंतर मी वर्षभर गिटार केली नाही. खोली केली.

हौशी माणसाला कार्यशाळा सुधारायची म्हटलं की यंत्रं दिसतात. मलाही दिसली. एक पट्टा-करवत आणलीही. तिच्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्या काकांची दुपारी १ ते ४ची झोप मोडली आणि त्यांनी सेक्रेटरीकडे जी तक्रार केली तिची भाषा इथे देत नाही. पुण्यात काही गोष्टींना हात लावायचा नसतो. करवत विकली. जाड लाकूड आता बाहेरून चिरून आणतो, बाकी सगळं हातानं. काम सावकाश होतं, पण रंध्याखाली फळी पातळ होत जाताना तिचा सूर बदलतो तो यंत्रावर ऐकू येत नाही. मडकं घेताना टिचकी मारतात तशी मारायची. सुरुवातीला फळी 'ठक' म्हणते. पातळ होत गेली की आवाज खोल आणि लांब होतो, आणि एका टप्प्यावर पुढचा एक हात जास्त झाला तर तो पडेल अशी भीती वाटायला लागते. तिथे थांबायचं. थांबायचं कुठे हे कळायला मला अजून काही फळ्या वाया घालवाव्या लागतील.

तर खोली. खिडकीच्या फटी बुजवल्या. पावसाळ्यासाठी हवेतलं पाणी ओढणारं यंत्र घेतलं. जुलैत ते त्या दहा बाय आठच्या खोलीतून रोज दोन-तीन लिटर पाणी काढतं. पहिल्या दिवशी ते भांडं भरलेलं बघून मी खरोखर चरकलो होतो, इतके दिवस हे सगळं माझ्या फळ्या पीत होत्या. ते पाणी कुंड्यांना घालतो. उन्हाळ्यात उलटं करायचं: ओला टॉवेल दोरीवर, आणि कोपऱ्यात माठ. भिंतीवर आर्द्रतामापक. मोठे कारखाने ४५ ते ५० टक्क्यांमध्ये हवा धरून ठेवतात. मी ५०च्या अलीकडे-पलीकडे समाधानी असतो. पट्ट्या चिकटवायच्या त्याआधी आठवडाभर तरी आकडा तिथे टिकला पाहिजे. नाहीतर त्या दिवशी पटाश्यांना धार लावायची, भुसा झाडायचा, चहा करायचा.

दुसरी सुधारणा उजेडाची. वरचा ट्यूबलाइट बंद करून फळीच्या पातळीवर एका बाजूने दिवा ठेवला की रंध्याने पडलेला प्रत्येक खळगा सावली टाकतो. वरून गुळगुळीत दिसणारी फळी तिरक्या उजेडात शेताच्या ढेकळांसारखी दिसते. तिसरी, सपाटीची. ओट्याचे ग्रॅनाइट बसवणाऱ्याकडून दीड फुटाचा तुकडा मिळाला. घासलेला ग्रॅनाइट बऱ्यापैकी सपाट असतो. त्यावर पॉलिश पेपर चिकटवून पट्टी, घोडी, जोडाच्या कडा घासून सरळ करता येतात. चौथी, नाकाची. शिसवीचा भुसा गोड वासाचा असतो आणि अंगाला लागतो. काहींना त्याने पुरळ उठतं, दमा चाळवतो. मास्क नसेल तर त्या दिवशी शिसवीला हात लावायचा नाही.

कडा वाकवायचं काम मात्र मी पाहुण्यांना दाखवायला राखून ठेवतो. लोखंडी नळी आतून तापवायची. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो तव्यावरच्यासारखा नाचला पाहिजे; नुसता चुरचुरून वाळला तर नळी थंड आहे. २ मिलिमीटर जाडीची शिसवीची पट्टी ओली करून नळीवर टेकवायची आणि दाबायचं नाही, वाट बघायची. आधी वाफ येते. मग खोलीभर गुलाबासारखा वास. मग अचानक, हाताखाली, लाकूड ऐकतं. ते ऐकल्याचं बोटांना कळतं, आणि त्या दोन-तीन सेकंदांत कंबरेचा बाक द्यायचा असतो. घाई केली तर 'कट्' असा आवाज येतो आणि वाड्याचं दार कायमचं गेलं. एप्रिलमध्ये माझी गिटार ज्या पाण्याने फोडली त्याच पाण्यावर इथे सगळी भिस्त असते.

शिसवीचं आणि गिटारीचं नातं नीट जुळलं ते १९६९ नंतर. तोवर चांगल्या गिटारींच्या पाठी ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. ते मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीनं भारतीय रोझवूड घेतलं, आणि बाकीच्यांनीही. भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. आजीच्या पलंगाचं आणि देव्हाऱ्याचं लाकूड. जगातल्या किती गिटारींच्या पाठी सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या आणि आसपासच्या जंगलांतून गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. २०१७च्या २ जानेवारीपासून डालबर्जियाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची परवानगी सक्तीची झाली. वाजवणाऱ्यांची इतकी पंचाईत झाली की २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट द्यावी लागली. कच्च्या लाकडावरचा नियम राहिला, आणि तो राहावा असंच माझं मत आहे. वाड्यांची दारं अजून आहेत.

मार्टिनचं नाव निघालं म्हणून एक जुनं भांडण सांगतो. ख्रिस्तियान फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली जर्मनीतल्या मार्कनॉइकिर्शेन गावातून अमेरिकेला गेला. त्यामागे गावातली तेढ होती. व्हायोलिन करणाऱ्यांची संघटना म्हणे, गिटारी करण्याचा हक्क आमचा; मार्टिनचं घराणं कपाटं-टेबलं करणाऱ्या सुतारांच्या संघटनेतलं, त्यांनी फर्निचरच करावं. तोरेस सुतार, रोमानिल्योस सुतार, मार्टिनही सुतारच. आणि मिरजेत, १८५०च्या सुमारास, सतारी करू लागले ते फरीदसाहेब शिकलगार घराण्यातले, म्हणजे तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अंमलात तलवारींची मागणी संपली, हातातलं कसब वाद्यांकडे वळलं. आधी दुरुस्ती, मग नवी वाद्यं. पंढरपूर भागातले भोपळे, तुणीचं लाकूड, घराच्या पुढच्या खोलीत जमिनीवर मांडलेलं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारीच्या पुस्तकांत न सापडलेली एक गोष्ट मला मिरजेच्या पद्धतीतून कळली: तिथला भोपळा वापरण्याआधी दीर्घकाळ वाळत टांगलेला असतो, आणि तो कधी काढायचा ते कारागीर ठरवतो, गिऱ्हाईक नाही.

सतार आणि गिटार यांच्यात करणाऱ्याच्या दृष्टीने एक मोठा फरक आहे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. गिटारीचे पडदे करवतीने कापलेल्या खाचेत ठोकून बसवलेले. खाच जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद. चुकली की चुकली. ६५० मिलिमीटरच्या तारेवर पहिला पडदा मुळापासून, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकापासून, ३६.४८ मिलिमीटरवर, दुसरा ७०.९२वर, बारावा बरोबर मध्यावर, ३२५वर. जुने कारागीर उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घेत पुढे जायचे. हिशेब सोपा, पण त्याने बारावा पडदा मध्याच्या २ मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो. आज भाजक १७.८१७ धरतात. आणि प्रत्येक पडदा मुळापासूनच मोजायचा, आधीच्या पडद्यापासून नाही. नाहीतर एकोणीस पडद्यांच्या एकोणीस बारीक चुका शेवटच्या पडद्यावर गोळा होतात. हे सगळं बरोबर केलं तरी तार दाबताना ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून घोडीवरचं हाड दोनेक मिलिमीटर मागे सरकवावं लागतं. गणित इथे संपतं आणि कान सुरू होतो.

दुसरी गिटार गेल्या डिसेंबरात पुरी झाली. एप्रिल गेला, मे गेला. चीर नाही.

दार मिस्त्रींनी नोव्हेंबरातच केलं, आणि ते आजही नीट बसतं. परवा ते पुन्हा आले तेव्हा त्यांनी तिसऱ्या गिटारीची तबली उचलून पाहिली, चिमटीत धरली, भिंतीवरच्या मापकाकडे बोट दाखवून विचारलं, "हे घड्याळ कशाचं?" सांगितल्यावर म्हणाले, "मग आमच्या गोडाउनला पण एक आणून द्या."

गिटार करायची हुक्की ज्यांना आली असेल त्यांनी रंधा घेण्याआधी एवढंच घ्यावं. एक आर्द्रतामापक. खोलीत टांगा, वर्षभर सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. लाकूड त्यानंतर आणा.